‘मान’ या शब्दाचा माग: सारख्या दिसणाऱ्या शब्दांची मुळे कशी शोधावीत

शालेय व्याकरणात ‘अनेकार्थी शब्द’ या मथळ्याखाली एक ठरलेली यादी असते. कर म्हणजे हात आणि सरकारी देणे, नाव म्हणजे ओळख आणि होडी, पान म्हणजे झाडाचे पान आणि पिणे, मान म्हणजे शरीराचा एक भाग आणि आदर. ही यादी पाठांतराला सोयीची असली, तरी तिच्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत मांडलेले पान हे एकाच शब्दाचे पसरत गेलेले अर्थ आहेत. झाडाचे पान आणि ‘धूम्रपान’मधले पान हे मात्र दोन स्वतंत्र शब्द असून, त्यांचे रूप कालौघात योगायोगाने एकसारखे झाले आहे. पहिल्या प्रकाराला अनेकार्थी शब्द म्हणणे योग्य आहे, आणि दुसऱ्या प्रकारासाठी ‘समरूप शब्द’ ही संज्ञा अधिक बरी. समोरचा शब्द यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो आणि त्याच्या प्रत्येक अर्थाचे मूळ कोठे आहे, हे घरबसल्या बऱ्याच अंशी ठरवता येते. त्याची पद्धत येथे ‘मान’ या एका शब्दावर टप्प्याटप्प्याने करून दाखवली आहे. ‘मान’ निवडण्याचे कारण असे की, मराठीत इतक्या निरनिराळ्या मुळांचे शब्द एका रूपात क्वचितच एकत्र आले आहेत.

पहिली पायरी: अर्थ लिहू नका, वाक्ये लिहा

बहुतेक जण शब्दाचे अर्थ आठवू लागतात आणि दोन-तीन अर्थांपाशी थांबतात. त्याऐवजी शब्द जसा प्रत्यक्ष बोलला आणि लिहिला जातो तशी वाक्ये जमवावीत. ‘झोपेत मान अवघडली.’ ‘व्याह्यांचा मान राखायला हवा.’ ‘वयाच्या मानाने तो उंच आहे.’ ‘कामगारांचे राहणीमान सुधारले.’ ‘माझे एवढे म्हणणे मान.’ पंचांग उघडले तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या कालावधीला ‘दिनमान’ म्हटलेले आढळेल, वर्तमानपत्रात ‘पर्जन्यमान’ आणि ‘वेतनमान’ भेटतील, आणि पुण्याच्या गणेशोत्सवात कसबा गणपतीपासून केसरीवाड्यापर्यंतचे पाच ‘मानाचे गणपती’ असतील.

यासोबत दुसरा एक ढीग वेगळा ठेवावा: ज्यांच्या शेवटी किंवा सुरुवातीला ‘मान’ ऐकू येते असे शब्द. विमान, अनुमान, अभिमान, वर्तमान, यजमान, श्रीमान, हनुमान, कमान, सामान, फर्मान, मानव, मानस, मानगूट, मानधन. या ढिगातले अर्धेअधिक शब्द पुढे गळून पडतील किंवा दुसऱ्याच घराण्यात जातील, परंतु आरंभी कोणालाही वगळू नये. आधी वगळले की निर्णय आपण पुराव्याआधीच घेतलेला असतो.

दुसरी पायरी: लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप

ही पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. शब्दाचे मूळ शोधायचे म्हणजे लगेच संस्कृत कोश उघडायचा अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मराठी बोलणाऱ्याच्या तोंडात असलेले लिंग आणि विभक्तीचे रूप यांत मुळाचा बराचसा इतिहास साठलेला असतो, आणि तो वाचायला कोणताही कोश लागत नाही.

जमवलेल्या प्रत्येक वाक्यातील शब्दाला तो, ती, ते लावून पाहावे. अवघडते ती मान, राखायचा असतो तो मान, आणि सुधारते ते राहणीमान. तीन लिंगे मिळाली की किमान तीन शब्दांची शंका घ्यावी. ‘त्याने मान दिली’ आणि ‘त्याने मान दिला’ या दोन वाक्यांत केवळ क्रियापदाचा शेवटचा स्वर बदलला आहे, पण पहिल्यात माणूस जिवानिशी जातो आणि दुसऱ्यात तो नुसता आदराने वागतो.

यानंतर शब्दाला प्रत्यय लावावा. ‘ताठ मानेने जगणे’ आणि ‘मानाने जगणे’ ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहा. स्त्रीलिंगी मान सामान्यरूपात ‘माने’ होते, अनेकवचनात ‘माना’ होते: सगळ्यांनी माना डोलावल्या. पुल्लिंगी मान सामान्यरूपात ‘माना’ होतो आणि अनेकवचनात तसाच राहतो. नपुंसकलिंगी मानाचे सामान्यरूपही ‘माना’ असल्यामुळे ‘वयाच्या मानाने’ आणि ‘मानाने वागवले’ यांत रूपावरून भेद करता येत नाही. तेथे प्रत्यय न लागलेले रूप शोधावे लागते: मान वाढला, पण राहणीमान वाढले.

स्त्रीलिंगी रूपाकडे आणखी थोडे बारकाईने पाहणे फायद्याचे आहे. मराठीतील अकारान्त स्त्रीलिंगी नामांचे दोन गट पडतात. एका गटाचे सामान्यरूप एकारान्त आणि अनेकवचन आकारान्त असते: सून, सुनेला, सुना, जीभ, जिभेला, जिभा, माळ, माळेला, माळा. दुसऱ्या गटात दोन्ही ठिकाणी ईकार येतो: भिंत, भिंतीला, भिंती, मूठ, मुठीला, मुठी, गाठ, गाठीला, गाठी. पहिल्या गटाची संस्कृत मुळे स्नुषा, जिह्वा, माला अशी आकारान्त आहेत, तर दुसऱ्या गटाची भित्ति, मुष्टि, ग्रन्थि अशी इकारान्त आहेत. शेवटचा स्वर उच्चारातून केव्हाच गळून गेला, पण प्रत्यय लागताच त्याची खूण बाहेर येते. या नियमाला अपवाद आहेत, म्हणून त्याला पुरावा न म्हणता संकेत म्हणावे, परंतु संकेत म्हणून तो फार उपयोगी पडतो. मान, मानेला, माना हे रूप पहिल्या गटातले आहे. म्हणजे शरीराच्या या भागासाठी आपल्याला संस्कृतात आकारान्त स्त्रीलिंगी शब्द शोधायचा आहे, हे कोश उघडण्याआधीच कळले. तो शब्द ‘मन्या’ असा आहे, आणि त्याचा अर्थ मानेची मागची बाजू असाच आहे.

हीच कसोटी ‘पाठ’ या शब्दावर लावली तर ‘पाठीवर’ आणि ‘पाठाला’ असे दोन शब्द सहज सुटे होतात. पहिला संस्कृत पृष्ठ या शब्दापासून प्राकृतातील ‘पट्ठी’ या स्त्रीलिंगी रूपातून आला, म्हणून त्याचे सामान्यरूप ईकारान्त आहे. दुसरा जसाच्या तसा संस्कृत आहे. ‘नाव’ही तसेच: नावात काय आहे असे विचारले तर ते नपुंसकलिंगी नाव, आणि नावेत बसलो तर ती स्त्रीलिंगी नाव.

या टप्प्यावर जुनी छापील पुस्तके हाताशी असतील तर शुद्धलेखनही पाहावे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्यापूर्वी ओळख या अर्थाचा शब्द ‘नांव’ असा लिहिला जात असे आणि होडीची नाव बिनअनुस्वाराची असे. तो अनुस्वार ‘नाम’मधल्या मकाराची उरलेली खूण होता. त्याचप्रमाणे जुन्या पुस्तकांत ‘श्रीमान्’ आणि ‘हनुमान्’ हे शब्द शेवटी पाय मोडून लिहिलेले आढळतात, तर ‘अपमान’ किंवा ‘अनुमान’ कधीही तसे लिहिलेले आढळत नाहीत. हा फरक पुढे कामाला येईल. नवे नियम सुटसुटीत आहेत यात वाद नाही, पण मुळांचा शोध घेणाऱ्याने जुन्या लेखनाला नाक मुरडू नये.

तिसरी पायरी: अर्थांची जवळीक हा पुरावा मानू नका

मान खाली घालणे म्हणजे लाजणे, मान ताठ ठेवणे म्हणजे स्वाभिमानाने राहणे, मान तुकवणे म्हणजे दुसऱ्याचे वर्चस्व स्वीकारणे. मराठी वाक्प्रचारांत देहाची मान आणि प्रतिष्ठेचा मान इतके जवळ येतात की, आदराला ‘मान’ म्हणतात ते मानेवरूनच, असे कोणी सांगितले तर ते सहज पटते. येथेच सावध राहायला हवे. आदर आणि मानेची ठेवण यांचा संबंध माणसाच्या देहबोलीत आहे. जेथे या अवयवाचे नाव वेगळे आहे तेथेही तो दिसतो, हिंदीतील ‘गर्दन झुकाना’ हे त्याचे उदाहरण. म्हणून हा संबंध शब्दांच्या नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. फार तर इतके म्हणता येईल की, दोन भिन्न शब्द एकाच रूपात आल्यावर भाषेने त्यांच्या शेजाराचा उपयोग करून घेतला.

उलट, अर्थ दूर गेले म्हणून शब्द वेगळे असेही नसते. पुस्तकाचे पान आणि पंगतीतले पान यांत आज काही साम्य दिसत नाही. पण पूर्वी काही ग्रंथ ताडपत्रांवर लिहिले जात आणि जेवण केळीच्या पानावर वाढले जाई, हे ध्यानात घेतले की मधले दुवे स्पष्ट दिसतात. त्याचप्रमाणे ‘वर’ म्हणजे नवरामुलगा आणि ‘वर’ म्हणजे देवाने दिलेले वरदान हे दोन्ही संस्कृतातील ‘निवडणे’ या अर्थाच्या वृ धातूपासून आलेले आहेत: निवडलेला तो वर, आणि मागून घेतलेली निवडीची गोष्ट तीही वर. ‘टेबलावर’मधला वर मात्र ‘उपरि’पासून आलेला, सर्वस्वी निराळा. अर्थांमध्ये दुवा आहे असे म्हणायचे असेल तर तो दुवा प्रत्यक्ष वस्तूंत, रूढीत किंवा जुन्या वाक्यांत दाखवता आला पाहिजे. नुसती सुचलेली गोष्ट कितीही सुंदर असली तरी ती बाजूला ठेवावी.

चौथी पायरी: उच्चारांचे नियम लावून पाहा

मराठीतील संस्कृतोत्पन्न शब्द दोन वाटांनी आले. एक वाट प्राकृतातून झिजत आलेल्या तद्भव शब्दांची, आणि दुसरी विद्वानांनी पुढे संस्कृतातून जसेच्या तसे उचललेल्या तत्सम शब्दांची. तद्भव शब्द उच्चारबदलाच्या नियमांतून गेलेले असतात, तर तत्सम त्यातून सुटलेले. म्हणून एखादा शब्द नियमाप्रमाणे कसा झाला असता हे पाहिले की तो कोणत्या वाटेने आला ते कळते.

‘मान’साठी लागणारा नियम असा आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकटा ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला आणि मराठीत तो ‘ण’ टिकला: पानीयचे पाणी, मानुषचा माणूस, भगिनीची बहीण, जनचा जण. याउलट र्ण, न्य यांसारख्या जोडाक्षरांपासून प्राकृतात दुहेरी ‘ण्ण’ झाला, आणि तो मराठीत एकेरी होताना दंत्य ‘न’ बनला, शिवाय बहुधा मागचा स्वर दीर्घ झाला: कर्ण, कण्ण, कान, पर्ण, पण्ण, पान, चूर्णचा चुना, शून्यचे सुने, सुवर्णचे सोने. थोडक्यात, तद्भव मराठी शब्दात ‘न’ दिसला तर मागे जोडाक्षर शोधावे, आणि ‘ण’ दिसला तर बहुधा एकटे व्यंजन.

आता मन्या या शब्दाला हा नियम लावा. मन्या, मण्णा, मान. लिंग जुळते, सामान्यरूप जुळते आणि उच्चारही जुळतो. अवयव असलेली मान ही तद्भव आहे, असे आता निश्चितपणे म्हणता येते.

आदर या अर्थाच्या मानाचे काय? त्याचे संस्कृत मूळ ‘मान’ हेच आहे, विचार करणे किंवा समजणे या अर्थाच्या मन् धातूपासून झालेले. तो प्राकृतातून झिजत आला असता तर त्याचा ‘माण’ झाला असता. हा केवळ तर्क नाही. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत रुसलेल्या नायिकेच्या अभिमानाला ‘माण’ आणि त्या नायिकेला ‘माणिणी’ असेच म्हटले आहे. आज आपण ‘माण राखला’ म्हणत नाही, म्हणून आदराचा मान हा नंतर संस्कृतातून पुन्हा घेतलेला तत्सम शब्द होय. अर्थात, रोजच्या बोलण्यात सहज येणारा शब्द तद्भवच असेल आणि जड वाटणारा तत्सम असेल, या समजुतीला येथे तडा जातो. लग्नघरात रुसणाऱ्या व्याह्यांचा मान हा पंडिती वाटेने आलेला आहे.

याच मन् धातूचे तद्भव क्रियापद मात्र मराठीत आहे, आणि त्यातील ‘न’ नियमाला धरून आहे: मन्यते, मण्णइ, मानणे. ‘म्हणणे मान’ या आज्ञार्थी रूपातला मान हा असा मानाचा सख्खा आप्त असूनही वेगळ्या वाटेने आलेला आहे. एकच धातू, एकच उच्चार, आणि तरीही दोन इतिहास.

जेथे लिंगाची कसोटी काही सांगत नाही तेथे हा उच्चाराचा नियम विशेष उपयोगी पडतो. झाडाचे पान नपुंसकलिंगी आणि ‘मद्यपान’मधले पानही नपुंसकलिंगी. पण झाडाच्या पानाचा ‘न’ पर्णातील जोडाक्षरातून आला आहे, तर पिण्याच्या पानाचा ‘न’ एकटा असूनही ‘ण’ झालेला नाही, म्हणून ते तत्सम. पिण्याच्या त्याच धातूची झिजलेली बाजू पाहायची असेल तर ‘पाणी’ हा शब्द समोर आहेच.

मकाराचाही असाच नियम आहे. एकट्या ‘म’चा ‘व’ होतो: ग्रामचे गाव, नामचे नाव, आमलकचा आवळा, जामाताचा जावई. जोडाक्षरातला ‘म’ टिकतो: चर्मचे चाम, घर्मचा घाम, कर्मचे काम. म्हणून कष्टाचे काम तद्भव आहे आणि इच्छा या अर्थाचा काम तत्सम, कारण तो झिजला असता तर ‘काव’ झाला असता. ठकाराचे पाहायचे तर ‘पढणे’ आणि ‘पढतमूर्ख’ यांत पठ् धातूचा ‘ठ’ नियमाप्रमाणे ‘ढ’ झाला आहे. ‘पाठ’ या धड्यात तो झालेला नाही, म्हणजे धडा तत्सम. शरीराच्या पाठीत ‘ठ’ टिकला तो ष्ठ या जोडाक्षरामुळे. एवढे तीन नियम तोंडपाठ असले तरी शालेय यादीतील निम्मे शब्द सुटतात.

पाचवी पायरी: जोडशब्द फोडा, पण जपून

आता दुसऱ्या ढिगाकडे वळावे. येथे ‘मान’ हे तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांच्या पोटात दडलेले असते आणि फसगत सर्वाधिक होते.

प्रथम मोजण्याचा मान. संस्कृतात मोजणे या अर्थाचा मा धातू आहे, त्यापासून नपुंसकलिंगी ‘मान’ म्हणजे माप. दिनमान, आयुर्मान, तापमान, पर्जन्यमान, वेतनमान, हवामान हे सारे त्याचेच. यांतील ‘हवा’ हा शब्द अरबीतून आलेला आहे, तरी त्याला हे संस्कृत ‘मान’ बिनतक्रार चिकटले, यावरून ते मराठीत किती रुळले आहे ते दिसते. ‘त्या मानाने’ हा वाक्प्रयोगही याच मापाचा आहे, आदराचा नव्हे.

मग उपसर्ग लागलेले शब्द. अनुमान आणि अभिमान यांची बांधणी वरवर अगदी सारखी आहे, पण पहिल्यात मा धातू आहे आणि दुसऱ्यात मन् धातू. ओळखायचे कसे? त्याच उपसर्गाची इतर रूपे आठवावीत. मा धातूची रूपे मिती, मेय, मा अशी होतात: अनुमान आणि अनुमिती, उपमान, उपमेय आणि उपमा, प्रमाण आणि प्रमेय. मन् धातूची रूपे मत, मती अशी होतात: अभिमान आणि अभिमत, सन्मान आणि संमत. म्हणून अनुमान काढणे हे मोजण्याच्या घराण्यातले, पण अनुमती देणे हे मानण्याच्या घराण्यातले, जरी दोघांचा उपसर्ग ‘अनु’च आहे. विमान मोजण्याच्या बाजूला जाते. अपमान, बहुमान, सन्मान मानण्याच्या बाजूला.

प्रमाण, परिमाण, निर्माण या शब्दांत ‘माण’ दिसते म्हणून ते वेगळे समजू नयेत. येथला ‘ण’ प्राकृतातला नाही. संस्कृतातच एका शब्दात आधी ‘र’ आला तर पुढील ‘न’चा ‘ण’ होतो, त्या नियमाने तो आला आहे. चौथ्या पायरीवरचा नियम येथे लावला तर उत्तर चुकेल, म्हणून तत्सम शब्दांना प्राकृताचे नियम लावू नयेत हे पक्के ध्यानात ठेवावे.

तिसरा गट प्रत्ययांचा, आणि त्यात पुन्हा दोन पोटभेद आहेत. वर्तमान, विद्यमान, यजमान यांतील ‘मान’ हा क्रिया चालू असल्याचे दाखवणारा संस्कृत प्रत्यय आहे. वर्तमान म्हणजे वर्तत असलेला, यजमान म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करीत असलेला. यज्ञाचा कर्ता हा घरचा मुख्य माणूस असे, म्हणून मराठीत यजमान म्हणजे पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा आणि बायकांच्या बोलण्यात नवरा. या प्रत्ययातही ‘र’चा नियम लागतो, म्हणून कीर्तनात ऐकू येणाऱ्या ‘क्रियमाण’ या शब्दात ‘ण’ आहे. दुसरा पोटभेद श्रीमान, बुद्धिमान, शक्तिमान यांचा. हा ‘युक्त असलेला’ या अर्थाचा मत् प्रत्यय आहे, आणि त्याची परीक्षा सोपी आहे. शब्दाचे ‘मती’ किंवा ‘मंत’ असे रूप होते का ते पाहावे: श्रीमान, श्रीमती, श्रीमंत. हनुमानाचे ‘हनुमंत’ होते, म्हणजे हनू (जबडा) ज्याची ठळक आहे तो. हनू आणि मान असे दोन अवयव त्यात शोधणे मोहक असले तरी व्यर्थ आहे. जुन्या लेखनात या गटाचाच पाय मोडला जात असे, हे वर आलेच आहे.

उरले फारसी. कमान हा धनुष्य या अर्थाचा फारसी शब्द आहे, त्याच्या वाकावरून दरवाज्याची कमान. सामानही फारसी. या दोहोंत ‘मान’ नावाचा सुटा घटक धरून काहीच हाती लागत नाही. फर्मान मात्र थबकायला लावते. तेही मराठीत फारसीतून आले, पण प्राचीन पारशीक शिलालेखांत त्याचे जुने रूप ‘फ्रमाना’ असे आढळते. त्यातील ‘फ्र’ म्हणजे संस्कृत ‘प्र’, आणि पुढे तोच मा धातू. म्हणजे फर्मान आणि प्रमाण हे दोन शब्द घडणीने सख्खे भाऊ आहेत: एक इराणातून दरबारी भाषेच्या वाटेने आला, दुसरा संस्कृतातून. ज्या दोन ‘मान’ शब्दांत अक्षराचाही फरक नाही ते परके, आणि ज्यांना कोणी एकत्र ठेवणार नाही ते एका रक्ताचे. या सगळ्या उद्योगातली खरी गंमत माझ्या लेखी हीच.

मानव हा शब्द मनूचा वंशज या अर्थाने मनूपासून आणि मानस हा मनस् या शब्दापासून झालेला आहे, त्यांना मान हा घटक मानून फोडू नये. मानधन आदराचे. मानगुटीचा पहिला भाग अर्थातच मानेचा.

सहावी पायरी: आता कोश उघडा

एवढे झाल्यावर कोश उघडला तर त्यातील नोंद आपल्याशी बोलू लागते. आधी उघडला तर ती नुसती डोळ्यांखालून जाते. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली. त्यात शब्दानंतर लगेच लिंग दिलेले असते आणि शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे एका अक्षराच्या खुणेने सांगितलेले असते. ज्या शब्दापुढे संस्कृतची खूण आहे तो तत्सम असण्याची शक्यता मोठी, आणि जेथे खूण नाही तेथे तद्भव किंवा देशी शब्दाचा विचार करावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्याचा लाभ जुन्या ग्रंथांतील अवतरणांसाठी होतो, कारण शब्द केव्हा आणि कोणत्या अर्थाने वापरला गेला हे त्यातून दिसते. कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्ति कोश थेट मुळावर बोट ठेवतो. टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश संस्कृत शब्दांच्या क्रमाने लावलेला आहे, म्हणून तेथे ‘मान’ शोधून उपयोग नसतो. ‘मन्या’पर्यंत आपण आधीच पोहोचलेलो असावे लागते. यांपैकी मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि टर्नर हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

कोशांत मतभेद आढळले तर बहुमत मोजू नये. ज्याचे मूळ लिंग, सामान्यरूप आणि उच्चार या तिन्ही कसोट्यांना उतरते त्याचे म्हणणे धरावे. जुन्या कोशांत केवळ उच्चारसाम्यावर लावलेल्या व्युत्पत्ती पुष्कळ आहेत, आणि नामवंत कोशकारही त्या मोहातून सुटलेले नाहीत.

सातवी पायरी: शेजाऱ्यांकडे चौकशी

कोकणीत मान म्हणजे मानच, मराठीप्रमाणे अवयव. हिंदीत मान आदर आहे, माप आहे, पण अवयवासाठी ‘गर्दन’ हा फारसी शब्द रुळला आहे. यावरून एक ढोबळ अनुमान निघते: तत्सम अर्थ सर्व शेजारी भाषांत सारखाच आढळतो, तद्भव अर्थ काही भाषांत टिकतो आणि काहींत मावळतो. दूरच्या नात्यांतही असेच. मन्याच्या जवळचा लॅटिन शब्द ‘मोनिले’ म्हणजे गळ्यातला दागिना, आणि इंग्रजीत घोड्या-सिंहाच्या आयाळीला ‘मेन’ म्हणतात तो त्याच कुळातला. मन् धातूच्या नात्यातला इंग्रजी ‘माइंड’, आणि मा धातूच्या नात्यातला ग्रीकमार्गे आलेला ‘मीटर’. तीन मुळे युरोपातही तीनच राहिली, हा आपल्या विभागणीला मिळालेला चांगला दुजोरा आहे.

जेथे या कसोट्या थकतात

दोन्ही शब्द तत्सम आणि दोन्ही एकाच लिंगाचे असले की मराठीच्या आतून काही कळत नाही. कर म्हणजे हात आणि कर म्हणजे सरकारी देणे हे दोन्ही पुल्लिंगी, दोघांचे सामान्यरूप ‘करा’, आणि दोघेही संस्कृतातच एकरूप होते. येथे काम संस्कृत कोशाकडे सोपवावे लागते, आणि आपल्या नोंदीत ‘मराठीतून निर्णय होत नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते. पुणेकर, सातारकर यांतील ‘कर’ तेवढा बाजूला काढता येतो, कारण तो गावाच्या नावामागे लागणारा प्रत्यय आहे आणि सुटा उभा राहत नाही.

नोंद करताना प्रत्येक अर्थासाठी एक स्वतंत्र ओळ ठेवावी: लिंग, सामान्यरूप, अनेकवचन, तत्सम की तद्भव, मूळ, मधले प्राकृत रूप, एक वाक्य, आणि शेवटी आपली खात्री पक्की, संभाव्य किंवा केवळ तर्क. ‘मान’ची पहिली ओळ अशी होईल: स्त्रीलिंगी, माने-, माना, तद्भव, मन्या, मण्णा, ‘झोपेत मान अवघडली’, पक्की. पुढे हात घालण्यासाठी ‘माळ’ हा शब्द घ्यावा. गळ्यातली माळ, गावाबाहेरचा माळ आणि घरातला माळा यांना सामान्यरूपात आणले की माळेत, माळावर आणि माळ्यावर अशी तीन रूपे पहिल्याच प्रयत्नात वेगळी होतात, आणि पुढचे काम तेथून सुरू करता येते.